वाढदिवस नेमका कोणाचा?

पावसाळा संपत आला होता. चंदगड तालुक्यातील एका वाडीवरचा सायंकाळचा ख्रिस्तयाग आटोपून आम्ही दुसऱ्या गावी पोहोचलो, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. तिथे एका घरी मुलीचा पहिला वाढदिवस होता. पत्रिकेवर साडेसातची वेळ छापलेली होती. रस्त्याच्या वळणावरच फ्लेक्स दिसला. त्यावर तीन मामा, दोन काका, एक माजी सरपंच आणि मित्रमंडळाचे अकरा तरुण हात जोडून उभे होते, आणि जिचा वाढदिवस होता ती मुलगी खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मांडवात ध्वनिक्षेपकांची भिंत धडधडत होती. तीनशे पानांचा स्वयंपाक झाला होता. मुलगी मावशीच्या खांद्यावर गाढ झोपली होती. अंगात जाळीचा ताठ झगा, डोक्यावर कागदी मुकुट, कपाळावर घामाने चिकटलेले जावळ.

"फादर आले, फादर आले," असा गलका झाला आणि त्या गलक्याने ती दचकून जागी झाली. तिच्या मुठीत सुरी कोंबण्यात आली. दोन्ही बाजूंनी कोणी फेसाचे फवारे मारले. लेकराने जो टाहो फोडला तो ध्वनिक्षेपकांच्या वरूनही ऐकू आला. छायाचित्रकार म्हणत होता, "तिला हसवा, तिला हसवा." पाच मिनिटांत तिला आत नेले. समारंभ त्यानंतर दोन तास चालला. तिची गैरहजेरी कोणाला खटकली नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही नाही. आम्ही मानाच्या खुर्चीवर बसून जेवलो, आशीर्वाद दिला आणि परतलो. त्या लेकराला दोन तास ताटकळत ठेवणारा प्रमुख पाहुणा कोण होता, हे वाटेत घाटाच्या वळणावर ध्यानात आले. केक आमच्यासाठी थांबला होता.

वाचकहो, हे लिहिताना दुसऱ्यावर बोट रोखण्याचा आमचा मुळीच अधिकार नाही. आम्हीही आरोपींच्याच रांगेत उभे आहोत, आणि म्हणूनच बोलणे भाग आहे.

काही महिन्यांनी त्या मुलीची आई भेटावयास आली. गट-कर्जाचे दोन हप्ते थकले होते आणि गटातील इतर बायकांना तिच्यासाठी पदरमोड करावी लागली होती. त्यामुळे पाणवठ्यावर तिच्याशी कोणी बोलत नव्हते. कर्ज कशासाठी काढले होते, असे विचारता ती खाली मान घालून म्हणाली, "कागदावर म्हैस लिवलीय, फादर." म्हैस गोठ्यात कधी आलीच नाही. ती एका रात्रीत मांडव, फ्लेक्स, केक आणि तीनशे पाने होऊन गेली. नवरा काजूच्या हंगामात कारखान्यात आणि एरवी गोव्याला मजुरीला जाणारा. हे कुटुंब कोणते हे ओळखू नये म्हणून गावाच्या खुणा आम्ही पुसल्या आहेत. पण ही गोष्ट वाचून तालुक्यातील दहा घरांना ती आपलीच वाटेल, अशी आम्हांला भीती आहे.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: एक ते तीन वर्षांच्या मुलाचा वाढदिवस अवश्य साजरा करावा, आनंदाने करावा, परंतु तो त्या मुलाचा असावा, मोठ्या माणसांच्या देण्याघेण्याची ती खतावणी नसावी. आणि तो खरोखर मुलाचा करावयाचा म्हटला, तर त्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत.

या विषयावर आम्ही पूर्वी एक चूक केलेली आहे. काही वर्षांपूर्वी प्रवचनात आम्ही वाढदिवस या प्रथेवरच सरसकट झोड उठविली होती. गुरुविद्यालयात शिकलेले दाखले तोंडपाठ होते. बायबलमध्ये ज्यांच्या वाढदिवसाच्या मेजवान्यांचे वर्णन येते ते दोन राजे म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील फारो आणि शुभवर्तमानातील हेरोद. पहिल्याने त्या दिवशी आपल्या आचाऱ्याला फासावर दिले. दुसऱ्याने नाचणाऱ्या मुलीला दिलेल्या शब्दापायी आणि पंगतीला बसलेल्या पाहुण्यांच्या भिडेपायी योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात आणविले. तिसऱ्या शतकातील आचार्य ओरिजेन याने हेच दाखले देऊन म्हटले, की जन्मदिवसाचा उत्सव पापी लोक करतात, संत नव्हे. आरंभीची ख्रिस्तसभा तर रक्तसाक्ष्यांच्या मृत्यूच्या दिवसालाच त्यांचा 'जन्मदिवस' म्हणत असे. हे सारे सांगून आम्ही विजयी मुद्रेने व्यासपीठावरून उतरलो.

दाराशी एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, तुमचं खरं असंल. पण माझ्या नातीचं बारसं कुणी केलं न्हाई. पोरगी झाली म्हणून पेढंबी वाटलं न्हाईत. वर्षाची झाली म्हणून चार माणसं दारात आली, तर तुम्ही त्येबी नगं म्हणताय."

या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. २००१ च्या जनगणनेत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील हजार मुलग्यांमागे अवघ्या ८३९ मुली होत्या. ऊस पिकविणारा, सहकाराचा डांगोरा पिटणारा हा सधन जिल्हा त्या आकड्याने राज्यभर लाजला. राज्याचे हेच प्रमाण २००१ साली ९१३ होते आणि २०११ साली ते ८९४ वर घसरले. जिथे मुलगी जन्माला येऊ देणे हाच एक लढा होऊन बसला आहे, तिथे तिच्या पहिल्या वाढदिवसाला शेजारपाजार गोळा होणे ही चैन नव्हे. ती तिच्या जगण्याला दिलेली जाहीर मान्यता आहे. तेव्हापासून आम्ही प्रथेविरुद्ध बोलणे सोडले. शिवाय ख्रिस्तसभा स्वतः तीन जन्मदिवस मानते, हे आम्ही त्या प्रवचनात सोयीस्करपणे विसरलो होतो: २४ जूनला योहान बाप्तिस्ताचा, ८ सप्टेंबरला पवित्र मारियेचा आणि २५ डिसेंबरला प्रभूचा. 'नाताळ' या शब्दाचा मूळ अर्थच जन्माशी निगडित आहे, आणि त्या पहिल्या नाताळला आलेल्या मेंढपाळांना कोणी पत्रिका धाडली नव्हती, त्यांनी पाकीटही आणले नव्हते.

दुसऱ्या बाजूने, संस्कृतिरक्षणाच्या आवेशाने केकवर तुटून पडणारे काही सज्जन आहेत. दिवा विझवून वाढदिवस करणे आपल्याला शोभत नाही, असे ते सांगतात. केकवर मुलासाठी मेणबत्त्या लावण्याची रीत जर्मनीतून जगभर पसरली, हे खरे. पण चहा, बटाटा, मिरची, आणि आमच्या तालुक्याला जगविणारा काजूसुद्धा परदेशातूनच आला. भांडण केकशी नाही. केकऐवजी पुरणपोळी ठेवून तीनशे पाने मांडली, तरी म्हैस गोठ्यात येणार नाही. औक्षणाच्या ताटाभोवतीही छायाचित्रकारांची तीच झोंबाझोंबी चालू शकते. प्रश्न रूपाचा नसून तो दिवस कोणासाठी मांडला आहे, याचा आहे.

आता ज्याच्यासाठी मांडला म्हणतो, त्याच्याकडे पाहू. दीड-दोन वर्षांचे मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याला गर्दी म्हणजे आनंद वाटत नाही. अनोळखी चेहऱ्यांना ते भिते, या मांडीवरून त्या मांडीवर फिरविले की रडते. दुपारची झोप मोडली की त्याचा दिवस मोडतो. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात तिने दाखवून दिले की अगदी लहान मुले परस्परांशी फारशी खेळत नाहीत, ती परस्परांच्या शेजारी खेळतात. एक वाळू उपसतो, दुसरा त्याच्या बाजूला दगड मांडतो. दोघेही सुखी असतात. त्यांना शर्यती, संगीतखुर्ची आणि बक्षिसे यांचे काय? शिवाय बहुतेक माणसांना तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे काही आठवतच नाही. "मोठी झाल्यावर तिला आठवण राहील" म्हणून केलेला खर्च तिच्या स्मृतीत नव्हे, शेजाऱ्यांच्या स्मृतीत जमा होतो.

आवाजाचेही तेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून अस्तित्वात आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा त्यांनी घातली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास उघड्यावर बंदी केली. सरकारने घातलेली मर्यादा मोठ्यांच्या कानांसाठी आहे. तान्ह्याच्या कानाजवळ ती भिंत उभी करताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही? आणि ते फेसाचे फवारे! त्यांतील वायू पेट घेणारा असतो. जळत्या मेणबत्तीशेजारी, जाळीच्या झग्यातल्या लेकरावर ते मारणे म्हणजे आगीशी खेळणे, आणि तेही स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या जिवावर.

जे मूल ज्यात रमते, ते आपल्या लोकांनी फार पूर्वीच ओळखले होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत महाराष्ट्रात घरोघरी लहान मुलांचे बोरन्हाण होते. पाटावर मूल बसवायचे, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे आणि चुरमुरे, बोरे, उसाची करवे, हरभऱ्याचे घाटे त्याच्या डोक्यावरून ओतायचे. शेजारची मुले ते वेचण्यासाठी झेपावतात. पाटावरचे मूल आधी चकित होते, मग स्वतःच मुठी भरभरून उधळू लागते. त्यात पत्रिका नाही, भाषण नाही, तासभराच्या वर वेळ नाही, आणि लागणारे सामान हंगामात शेतात वा बाजारात मातीमोलाने मिळणारे. ज्या कोणी ही प्रथा घडविली, त्यांनी मुलाची उंची, मुलाची मूठ आणि मुलाचे कुतूहल यांचे माप बरोबर घेतले होते. हा विधी ज्यांच्या घरी नाही त्यांनी तो उचलावा असे आम्ही म्हणत नाही; त्यातील शहाणपण उचलावे, एवढेच म्हणतो.

याच शहाणपणाला ताराबाई मोडकांनी शास्त्राची जोड दिली. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जी बालशिक्षणाची केंद्रे चालविली, तिथे वारली मुलांसाठी परदेशी लाकडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांनाच साधने केले. माँटेसरीबाईंचे तत्त्व राखून तिची किंमत उतरविली, आणि मुलांचे काही अडले नाही. गरिबी ही मुलाच्या आनंदाच्या आड येत नाही, मोठ्यांचा संकोच येतो, हे कोसबाडने दाखवून दिले. आमच्या तालुक्यात तर माती, पाणी, पाने आणि बिया यांखेरीज देवाने दुसरे काय अधिक दिले आहे?

इथवर बहुतेक वाचक मान डोलावतील. खरा अडसर पुढे आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. त्या मातेला आम्ही विचारले, "एवढा खर्च कशाला केलास, बाई?" ती म्हणाली, "धा घरात जेवून आलोय आम्ही. धा ठिकाणी आहेर लिवलाय. आमच्या दारात कवा तरी लोकांनी जेवायला नगं?" हा डौल नव्हता. ही लाज होती, आणि लाज हीसुद्धा एक जबाबदारीची जाणीवच असते. ज्यांनी आपल्याला जेवू घातले त्यांचे देणे फेडावे, हा संस्कार वाईट कसा म्हणावा? बारसे, जावळ, वाढदिवस, साखरपुडा, वास्तुशांत यांतून खेड्यातील कुटुंबे एकमेकांना धरून असतात. म्हणून "तुम्ही एकटे साधेपणाने करा, लोकांकडे लक्ष देऊ नका," हा शहरी उपदेश खेड्यात व्यर्थ आहे. ज्याने एकट्याने तसे केले, तो 'चिकट' ठरतो. आणि ज्याच्यापाशी पैसे नाहीत, त्याने साधेपणा केला की त्याची गरिबी उघडी पडते. साधेपणाचे कौतुक फक्त श्रीमंताच्या वाट्याला येते.

पण हे देणे फिटते तरी कधी? एका घरी शंभराचे पाकीट आले, म्हणून पुढच्या घरी दोनशेचे न्यायचे. तिथे दोनशे पाने होती, म्हणून आपल्याकडे तीनशे मांडायची. प्रत्येक फेऱ्यात रक्कम वाढते आणि प्रत्येक फेऱ्यात एखादे घर मागे पडते. मागे पडलेले घर काय करते, हे आम्ही पाहिले आहे. ते वाढदिवसाला येतच नाही. "पोराला ताप आहे," असा निरोप येतो. ताप पोराला नसतो, पाकिटाला असतो. ज्या दिवशी शेजारच्या लेकरांनी अंगणात येऊन बागडावे, त्या दिवशी ती दाराआड उभी राहून ध्वनिक्षेपक ऐकत असतात. तीनशे पाहुणे जमविणाऱ्या या प्रथेने मुलाचे दोन खरे सवंगडी गमावलेले असतात. कर्जाहून आम्हांला हे अधिक जाचते.

यावर आमच्या मते एकच उपाय आहे, आणि तो नवा नाही. आमच्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांना गावोगावच्या बायाबापड्यांच्या मुष्टिफंडाने आधार दिला. दळणाआधी, शिजवण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचे. साठले की द्यायचे. मुठीचा गुण असा, की ती सगळ्यांची सारखीच असते. मालकाची आणि मजुराची मूठ वेगळी ओळखता येत नाही, आणि पातेल्यात पडल्यावर कोणाचा दाणा कोणता, हे तर मुळीच सांगता येत नाही. वाढदिवसाला पाकीट आणि वस्तू बंद करून प्रत्येक घराने एक मूठ तांदूळ आणावा. चंदगड हा भाताचा तालुका. मूठभर तांदूळ ज्याच्या घरी नाही असे घर सहसा निघणार नाही, आणि निघालेच तर यजमानीण दुसऱ्याच्या मुठीत त्याची मूठ सहज लपवील. सर्वांच्या देखत ते तांदूळ एकाच पातेल्यात पडावेत, त्यांची गुळाची खीर व्हावी आणि सर्वांनी ती वाटीभर खावी. आहेरही दिला गेला, जेवणही झाले. मात्र वहीत लिहायला काही उरले नाही. खतावणीच बंद पडली.

हे मात्र एका घराचे काम नाही. वाडीने, गल्लीने, महिला मंडळाने वा बचत गटाने एकत्र बसून ठरविले, तरच कोणाची लाज जाणार नाही. पहिले पाऊल ज्याला परवडते त्याने टाकावे. शिक्षक, ग्रामसेवक, कारखानदार, नोकरदार यांच्या घरचे वाढदिवस आधी असे झाले पाहिजेत. गरिबाने काटकसर करावी आणि श्रीमंताने तिचे कौतुक करावे, हा उलटा क्रम आम्हांला मान्य नाही.

आता प्रत्यक्ष आखणी. आमच्यासारख्या ब्रह्मचाऱ्याने ती सांगावी याचे कोणाला हसू येईल. पण आमच्या आवारातील बालवाडीच्या बाईंनी आणि चार आयांनी मिळून ती करून पाहिली आहे, आम्ही फक्त लेखनिक आहोत.

वेळ मुलाची धरावी. सकाळी न्याहारीनंतर दहाचा सुमार, किंवा दुपारच्या झोपेनंतर चार वाजता. सव्वा ते दीड तासात सारे आटोपावे. मुले किती बोलवावीत याचा एक आडाखा आहे: जितके वर्ष पूर्ण, त्याहून एक अधिक. वर्षाच्या मुलाला दोन सवंगडी, दोन वर्षांच्याला तीन. त्यांचे आईबाप, आजीआजोबा आले की अंगण भरतेच. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि रस्ता यांचा भरवसा नसतो, म्हणून पडवीत करावे. पडवीला मांडव लागत नाही.

खेळ विकत आणू नयेत. एका परातीत चार बोटे पाणी, दोन वाट्या, एक चाळणी, एक पळी. दुसऱ्या घमेल्यात ओली वाळू. किराणा दुकानातून मागून आणलेली दोन-तीन मोठी खोकी; त्यांतून मूल एवढे रांगते आणि लपते की पन्नास खेळणी ओस पडावीत. शेवटी बोरन्हाणासारखी चुरमुऱ्यांची उधळण. एखाद्या आजीने बडबडगीते म्हणावीत. एवढेच. पाण्यापाशी मात्र एक मोठे माणूस सतत बसलेले असावे. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, ही गोष्ट क्षणभरही विसरू नये.

खाण्याचे पथ्य थोडे कडक आहे. आमचा तालुका काजूचा, म्हणून प्रेमाने कोणीतरी लेकराच्या तोंडात अख्खा काजू घालतोच. पाच वर्षांखालील मुलाला अख्खा काजू, शेंगदाणा, फुटाणे किंवा बियांसकट बोर देऊ नये. घशात अडकून श्वास कोंडतो. काजूची पूड करून खिरीत घालावी, ऊस आणि बोरे उधळणीतून वगळावीत. फुगेही आम्ही वर्ज्य केले, कारण फुटलेल्या फुग्याचे रबर मुले तोंडात घालतात आणि ते काढणे डॉक्टरांनाही अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांना साखरेची पेये देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा रंगीत बाटल्यांवरचा खर्च आपोआप वाचतो. तालुक्याच्या तांबड्या मातीतले रताळे उकडून, कुस्करून, तुपाचा थेंब घालून द्यावे. ते स्वतःच गोड असते. नाचणीची पेज आहे, पिकलेले केळे आहे. गुळाची खीर मोठ्यांसाठी, मुलाला तिचे बोट चाटवावे. केक हवाच असेल तर घरी कढईत वाळूवर भाजलेला, एक वितीचा. मेणबत्तीही एकच पुरे. वर्ष एकच तर झालेले असते.

चुरमुरे, गूळ, दूध, रताळी आणि केकचा रवा असे सारे धरून बालवाडीच्या बाईंचा हिशेब हजाराच्या आत राहिला. छायाचित्र घरातल्याच कोणीतरी भ्रमणध्वनीवर काढले. त्या छायाचित्रात यजमान-पाहुणे कोणीच नीट आलेले नाहीत. मुले मात्र सगळी आली आहेत, आणि त्यांतले एकही रडत नाही.

"पण पहिला वाढदिवस एकदाच येतो ना, फादर?" असे आम्हांला विचारले जाते. होय, एकदाच येतो. दुसराही एकदाच येतो, आणि तिसराही. मुलाचा प्रत्येक दिवस एकदाच येतो. मग हप्ते फेडण्यासाठी बाप सहा महिने गोव्याला राहिला तर त्या दिवसांचे काय? "आमच्या लहानपणी आम्हांला काही मिळाले नाही," असेही आईबाप म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांचे डोळे भरून येतात. त्या डोळ्यांची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु आपल्या बालपणी आपल्याला काय हवे होते, ते त्यांनी प्रामाणिकपणे आठवावे. फ्लेक्स हवा होता काय? की कोणीतरी दिवसभर जवळ असावे, कामाला न पळता मांडीवर घ्यावे, हे हवे होते? ते आजही फुकट आहे, आणि तेच सर्वांत दुर्मीळ झाले आहे.

"मांडववाला, आचारी, छायाचित्रकार यांनी खायचे काय?" असा व्यवहारी प्रश्न एका तरुणाने केला. तो आम्ही झटकून टाकीत नाही. ही माणसे आमच्याच गावची आहेत. लग्ने आहेत, जत्रा आहेत, सण आहेत; तिथे त्यांना मान आणि दाम मिळावा. पण वर्षाच्या लेकराच्या नावावर काढलेल्या कर्जातून गावाने रोजगार चालवावा, हे अर्थशास्त्र कोणालाही टिकवून धरणार नाही. कारण तो मांडववालाही एक दिवस आपल्या मुलीच्या वाढदिवसाला कर्जच काढतो.

आमच्यापुरते आम्ही काही ठरविले आहे. सायंकाळी सहानंतरच्या कोणत्याही तान्ह्याच्या वाढदिवसाला आम्ही जाणार नाही, आणि आमच्यासाठी कोणी खोळंबू नये. प्रमुख पाहुण्याची खुर्ची मांडलेली दिसली तर आम्ही चटईवर बसू. जिथे पाकिटे लिहिणारा वही घेऊन बसला असेल, तिथून आशीर्वाद देऊन परतू, जेवणार नाही. चर्चच्या आवारातील पडवी, परात, घमेले आणि पातेले कोणत्याही जातिधर्माच्या घरासाठी विनामूल्य खुले आहे. आणि आमच्याच सणाला आवारात जो ध्वनिक्षेपक रात्री उशिरापर्यंत चालतो, तो दहाच्या आधी बंद होईल. स्वतःचे दार न झाडता दुसऱ्याच्या अंगणाविषयी बोलणे आम्हांला शोभणार नाही.

ती आई यंदा पुन्हा आली होती. मुलगी दोन वर्षांची होत होती. पोरीला चालता येऊ लागले होते, आणि आमच्या चपला पायात घालून ती पडवीभर फिरली. आई म्हणाली, "बायका बोलायला लागल्यात. पण लई माणसं न्हाई बोलवायची, फादर. तिघी पोरं बोलवू. तांदूळ त्यांनाच आणाय सांगू." हप्ते थकविणाऱ्या बाईच्या दारी गटातल्या बायका मूठ मूठ तांदूळ घेऊन येतील की नाही, हा प्रश्न तिच्या मनात होता, आमच्याही होता. दुपारी चारला आम्ही वेळेवर पोहोचलो. पातेले आमच्या आधीच निम्मे भरले होते, आणि जिचा वाढदिवस होता ती परातीतल्या पाण्यात दोन्ही पाय टाकून बसली होती. तिने आमच्याकडे वळूनही पाहिले नाही.